ओल्या रंगाचे बूट

दातांचे डॉक्टर असलेल्या बाबांनी रविवारची अख्खी सकाळ लेकीच्या नावावर लिहून दिली होती. आई कामाला गेलेली, घरात दोघंच. दातांचे साचे काढायच्या प्लॅस्टरचा त्यांनी एक पोकळ, ऐटबाज डोंगर केला, त्याला बोगदा पाडला आणि टेबलावरच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांवर तो डोंगर बसवला.

लेकीने हुबेहूब स्वतःसारखी, नखाएवढी बाहुली केली आणि तिच्या बुटांना लाल रंग दिला.

"रंग वाळल्याशिवाय तिला गाडीत बसवू नकोस हं," बाबा म्हणाले.

"तिला घाई आहे, बाबा!" म्हणत लेकीने बाहुली उघड्या डब्यात बसवलीसुद्धा.

गाडी बोगद्यात शिरली. एरवी ती पाच सेकंदांत बाहेर यायची, या खेपेला वीस लागले. डबा रिकामा होता.

"मधेच उतरली वाटतं! अगदी तुझ्यावर गेलीय," बाबा हसले आणि त्यांनी डोंगर उचलला.

आत बाहुली नव्हती. रुळांपासून टेबलाच्या मागच्या कडेपर्यंत तिळाएवढी लाल पावलं उमटली होती. लेक टाळ्या पिटत त्या पावलांच्या मागे निघाली. कडेपाशी पावलं बोटाएवढी झाली होती. खाली फरशीवर ती आणखी मोठी होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात तर थेट लेकीच्या मापाची.

लेकीच्या टाळ्या थांबल्या. तिने बाबांचा हात घट्ट धरला.

आतून तिच्याच आवाजात कोणीतरी खुशीत ओरडलं, "बाबा, पोचले मी! आणि तुझ्याजवळ ती कोण उभी आहे?"