चंद्राशेजारचा ग्रह

महिन्यातून एकदा चंद्र एखाद्या ग्रहाजवळ आला, की दिगंबरराव संध्याकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर जात. त्याबद्दल कुमुदिनीबाईंचं काही म्हणणं नव्हतं. पण ग्रह बघायला मोबाइल कशाला लागतो आणि गच्चीचं दार का ओढून घ्यावं लागतं? त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली.

आज त्या चपला काढून जिना चढल्या. दाराआडून नवऱ्याचा लाडिक आवाज आला, "दिसला का गं गुरू? चंद्राच्या जरा डावीकडे बघ." फोनच्या स्पीकरवर एक बाई खळखळून हसली.

कुमुदिनीबाईंनी दार धाडकन ढकललं. "कोण आहे ही?"

दिगंबरराव दचकले. मग त्यांनी फोन पुढे केला. "आपली रेवती."

जातीबाहेर लग्न केलं म्हणून चार वर्षं कुमुदिनीबाईंनी लेकीचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. पलीकडचं हसू आता थांबलं होतं, पण फोन चालूच होता.

त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. तो कानाला लावून त्यांनी आभाळाकडे मान वर केली.

"मलाही सांग गं," त्या म्हणाल्या, "कुठे बघायचं ते."