सांगण्याजोगा आजार

दादानं शर्टाची तीन बटणं काढून बायपासचा व्रण दाखवला, तसे पाहुणे हळहळले. कोपऱ्यात त्यांनी आणलेली अकरा शहाळी होती. माझा नुसता जळफळाट झाला. एचआयव्हीच्या गोळ्या मी अठरा वर्षं घेतोय, घरात कुणालाच न सांगता. अशा आजाराला शहाळी येत नाहीत.

सोमवारी सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या डबीतल्या उरलेल्या गोळ्या नेहमीसारख्या मोजल्या आणि रिपोर्ट पाहून कपाळावर आठ्या घातल्या. "या गोळ्यांनी काहींचं कोलेस्टेरॉल वाढतं. तुमचं वाढलंय. आता हृदयाला जपायचं. त्याचीही रोज एक गोळी देते."

"म्हणजे हे घरी सांगता येईल?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कोलेस्टेरॉलचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला.

संध्याकाळी दादाकडे जाऊन, पाहुणे असतानाच, मी कोलेस्टेरॉलचा आकडा जाहीर केला. "आपल्या घराण्यातच आहे ते," दादा अभिमानानं म्हणाला. वहिनींनी माझ्या हातात फोडलेलं शहाळं दिलं. "भावजी, गोळ्या वेळेवर घ्याल ना? चुकवायच्या नाहीत हं."

अठरा वर्षांत एकही चुकली नव्हती, पण असं कुणी विचारलंही नव्हतं. "घेईन," म्हणालो आणि स्ट्रॉ शोधायच्या निमित्तानं मान खाली घातली.