घट्ट बसलेलं चाक

आईला दवाखान्यात नेताना वाटेत टायर पंक्चर झालं. बाबांनी नट सगळे काढले, पण चाक काही जागचं हलेना. पाऊण तास ते पान्याने ठोकत, दोन्ही हातांनी ओढत राहिले. अँब्युलन्स पोहोचली तोवर मागच्या सीटवर आईचा श्वास थांबला होता.

पंधरा दिवसांनी मी ती गाडी टो करून गॅरेजमध्ये नेली.

"अलॉयचं चाक गंजून आतल्या लोखंडाला चिकटलंय, ताई," मेकॅनिक म्हणाला. "जुन्या संसारासारखं असतं बघा हे. नवरा-बायको कुरकुरतील, पण सुटायचे नाहीत." त्याने नट सैलसर लावून ठेवले, चाकाकडे पाठ केली आणि टायरवर टाचेने एक सणसणीत लाथ घातली. चाक सुटलं.

"एवढंच असतं! नुसतं ओढत बसलं तर जन्मात निघत नाही."

मग त्याने आतला पांढरा गंज घासून काढला, पंक्चर काढलं आणि तेच चाक पुन्हा बसवून दिलं.

घरी बाबा फाटकातच उभे होते. "कसं निघालं गं?"

"कापावं लागलं," मी म्हणाले. "चौघं झटत होते, बाबा. शेवटी फेकूनच दिलं. हे नवीन आहे."



बाबा उकिडवे बसले, त्यांच्याच पान्याचे ओरखडे असलेल्या त्या चाकावरून बराच वेळ हात फिरवत राहिले आणि मान वर न करता म्हणाले, "मग मला एकट्याला कुठून जमणार होतं!"