शनिवारचा मुक्काम

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी आमच्या बैठकीच्या खोलीत महिनाभर पाय ठेवायला जागा नाही. खाली स्कॉटलंडचे नकाशे आणि प्रवासपुस्तकं पसरलेली आणि त्यांवर गुडघे टेकून माझा नवरा, गर्शोन. चौऱ्याहत्तर साली कारखाना बंद पडल्यापासून यांना घरात चैनच पडत नाही. आता बेत असा: तिथे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत डोंगरांतून चालत जायचं, तळं लागलं की पाठीवरची रबरी होडी फुगवून वल्हवत पलीकडे, आणि तेही एकट्याने! आज यांनी आखलेली रेघ पुन्हा खोडली. शनिवारी होडी तळ्याच्या मधोमध येत होती, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाला की सुरू होणाऱ्या आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, प्रवास करायचा नाही की वल्हं हातात धरायचं नाही. "वीस वर्षं दर शनिवारी मशीन चालवलंत, तेव्हा कुठे गेला होता शब्बाथ?" मी ताडकन बोलून गेले. यांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणूनच गं. अलिबागला आजोबा शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. मला इथे ते जमलंच नाही. आता तरी एक शनिवार नीट पाळू दे." खोडरबराचा चुरा फुंकून मी पेन्सिल उचलली आणि तळ्याकाठच्या स्टेशनाभोवती गोल काढला. "शुक्रवारी इथे थांबा. मी ट्रेनने येते. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून प्रार्थना करून मलिद्याचा प्रसाद करू, पोहे-नारळ मी आणते." "सूर्य बुडायच्या आत पोचशील?" "जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो." यांनी चमकून वर पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?" "अहो, तुम्ही दुकानात गेलात की इथे गुडघे टेकून मीच वाचत बसते."