टूल्स सापडत नाहीत

"टूल्स तर हायेत, पण याले दिसूनच नाही राह्यले," काजल म्हणाली आणि तिनं लॅपटॉप राजकुमारसमोर सरकवला.

राजकुमारला हायसं वाटलं. तो वडनेरहून उंद्रीला मुलगी पाहायला आला होता. पोहे झाले, मोठ्यांनी "तुमी दोघं बोला" म्हणून आतल्या खोलीत धाडलं, आणि इथं त्याला एक शब्द सुचेना. मुलगी तर त्याच्या मनात भरली होती. तो पुण्यात प्रोग्राम लिहायचा, ती इथं घरबसल्या तेच काम करायची. आज होकार घेऊनच उठायचं, असा त्याचा बेत होता.

लॅपटॉपवरचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे लागेल ते सॉफ्टवेअर आणून बसवणारा प्रोग्राम, अडून बसला होता. डेव्हलपर टूल्स, म्हणजे प्रोग्राम तयार करायची अवजारं, सापडत नाहीत, एवढंच त्याचं पालुपद.

"सकाळी मी याच्यात..."

"थांबा, आधी पाहू तर द्या," तो हसून म्हणाला.

त्यानं टूल्स पुन्हा बसवून पाहिली. ती आधीच बसवलेली आहेत, असं उत्तर आलं. आता मात्र त्याला चेव चढला. घरातली वस्तू घरातल्यालाच दिसू नये म्हणजे काय? त्यानं फोल्डर उघडला. टूल्स जागच्या जागी होती.

"एक सांगू का?"

"दोनच मिनिटं. तुम्ही चहा घ्या ना."

तिनं कप उचलला. बाहेरून तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी हाक मारली, "काजल, झालं का वं बोलणं?"

"झालंच, काका!" राजकुमारनं ओरडून सांगितलं.

आणि त्याला सापडलं! पॅकेज मॅनेजर एका भलत्याच फोल्डरात टूल्स शोधत होता, आणि तो फोल्डर रिकामा होता. त्यानं खरा पत्ता टाकला, एंटर दाबलं. ओळी भराभर धावू लागल्या. परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद झाला त्याला.

"पाहा! पत्ताच चुकला होता."

"हाव. छान शोधलं तुमी."

राजकुमार बैठकीत आला तो छाती फुगवूनच. भगवंतरावांनी मुलीकडे पाहिलं.

"मंग, काजल?"

"मले हे लग्न नाही करायचं, बाबा."



"पण... मी तर दुरुस्त करून दिला," राजकुमार चाचरला.

"सकाळी पत्ता बदलून बिघडवला मीच होता," काजल म्हणाली. "तेच सांगाले कितीदा तोंड उघडलं."