कोरडी ही भूमी

रेकॉर्डिस्टने आधी पंखा बंद करायला लावला, मग फ्रीज. भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढून ठेवला. एवढं झाल्यावर त्याने माइक कवीच्या तोंडाशी आणला.

"साहित्यातली आपली भूमी, अशी मालिका आहे काका," वायरी जोडता जोडता त्याच्या गप्पा चालू होत्या. "सोमवारी ज्यांच्याकडे गेलो त्यांची भूमी नवी नवरी. काल गेलो त्यांची विधवा. आई म्हणणारे तर पैशाला पासरी! पण तुमची कविता ती तुमचीच. सगळ्यांना पाठ."

एकाही कवीची जमीन नुसती जमीन नव्हती. प्रत्येकाने तिची बाई करून ठेवली होती. कवी हसायला गेला, पण समोर पलंगावर लेक बसली होती.

ती काल आली होती. कित्येक वर्षांची औषधं, इंजेक्शनं झाल्यावर गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हात टेकले. आता मूल होणार नाही, एवढं तिने आईला फोनवर सांगितलं. बापाशी त्यावर एक अक्षर बोलली नाही, आणि बापानेही विचारलं नाही.

"तू आत जाऊन पड जरा," कवी म्हणाला.

"नको बाबा. ऐकते ना."

"बसू दे की ताईंना," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "फक्त हलू नका हं ताई, पलंग वाजतो."

लेक हात मांडीवर ठेवून बसली. कवीने सुरुवात केली. पहिलं कडवं सुरळीत गेलं. वर्षानुवर्षं या कवितेवर त्याने सभा मारून नेल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला टाळी ठरलेली. फ्रॉक घालून पहिल्या रांगेत बसलेली ही पोरगीसुद्धा तेव्हा टाळ्या वाजवायची. दुसरं कडवं आलं आणि त्याला पुढचा शब्द दिसला.

"कोरडी ही भूमी," तो म्हणाला, "हिच्या दारी थांबतो कोण?"

रेकॉर्डिस्टने हात वर केला. "काका, चुकलं. कोरडी नाही."

"बदललाय मी तो शब्द."

"आता? अहो, शाळेत शिकलोय आम्ही ती कविता. लोक आमच्या नावाने खडे फोडतील. आणि खरं सांगू का, कोरडीत काही दम नाही."

मूळ शब्द कवीचाच होता, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. त्याला इतकी लाज वाटली की चष्मा पुसायच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली.

"वांझ," लेक म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "वांझ ही भूमी. वाचा बाबा, ते खोळंबलेत."

कवीने वाचलं. आवाज थरथरत होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत त्याने वाचलं.

"वा! काय दर्द आलाय काका!" रेकॉर्डिस्टने हेडफोन काढले आणि तो खुशीत वायरी गुंडाळू लागला. "मध्ये ताईंचा आवाज आलाय, तेवढा काढून टाकतो. त्या इथे होत्या हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

कवीने मान डोलावली.