कोपऱ्याकडची नजर

पेणच्या त्या कारखान्यात गणपतींचे डोळे नम्रताच आखायची. तान्ही लेक गेल्यावर महिन्याभराने ती कामावर परतली आणि तेव्हापासून काहीतरी विपरीतच होऊ लागलं. ती बुबुळं नीट समोर आखायची, पण रंग सुकेपर्यंत एकूणएक मूर्तीची नजर कोपऱ्याकडे वळलेली असायची.

त्या कोपऱ्यात, कामावर आणलेल्या लेकीला निजवायची ती झोळी अजून टांगलेली होती. नम्रता तिकडे पाठ करूनच बसायची.

"असली तिरकी नजर गिऱ्हाईक घेनार नाय," कारखान्याचे मालक काळुरामशेठ म्हणाले. "उद्यापासून आखनी दुसरीला देतो."

दुपारी सगळी जेवायला उठली. जाताजाता म्हाताऱ्या सीताबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"भ्या वाटतंय ना गो? वाटू दे. पलू नको. बस जरा त्या भ्यापाशी."

नम्रताने पाट उचलून झोळीसमोर मांडला. ती बसून राहिली. भीती गेली नाही, तीही शेजारी बसून राहिली.

मग लेक कुरकुरायच्या आत द्यायची तसा, निव्वळ सवयीने, तिने झोळीला हलका झोका दिला.

झोळी जड लागली.